तांदळाचं बाळ

नव्वदीच्या दशकात बंगळुरातल्या चामराजपेटेत माझं किराणा दुकान होतं. एकदा एका निवृत्त गृहस्थांनी कापडी पिशवीत तीन किलो तांदूळ नेले आणि दुसऱ्या दिवसापासून तीच पिशवी कुशीत घेऊन दुकानासमोर फेऱ्या मारू लागले. रिक्षाचा भोंगा वाजला की पिशवीवर हात ठेवून रिक्षावाल्याकडे रागाने बघत.

शेवटी मी विचारलं, "अण्णा, तांदूळ खराब निघाले काय?"

"नाही हो! लेकीला सातवा महिना आहे. आम्ही दोघं अमेरिकेला निघालोय. ती लहान होती तेव्हा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात माझी दुसरी पाळी, घरी येईतो ती झोपलेली असायची. तान्ही असताना तिला कधी घेतलंच नाही. बायको म्हणते, तुम्ही बाळ पाडाल. म्हणून स्वल्प प्रॅक्टिस."

मी तीन मुलांचा बाप. गल्ल्यावरून उठलो आणि मानेखाली हात कसा धरायचा ते दाखवलं. "सरी, सरी, कळलं," म्हणत त्यांनी पिशवी नीट धरली.

सहा महिन्यांनी ते परत आले.

"घेतलं बाळ?"

"घेतलं. नातीनं डोळे उघडून पाहिलं आणि मी दचकलो. पण सोडलं नाही. लेक बघत होती. म्हणाली, बाबा, मलाही असंच घ्यायचात?"

"मग?"

"हो म्हणालो."

"आणि वहिनी?"

"शेजारीच होती," ते हसले. "लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं माझी चूक काढली नाही."