टर्किशवरचं नाव

माझ्या आत्याला 'नाही' म्हणताना जितका आनंद होई, तितका लोकांना लॉटरी लागल्यावरही होत नसेल. आतोबांच्या सरकारी नोकरीमुळे ती दिल्लीत आली आणि पुढे दिल्लीलाच तिची सवय करून घ्यावी लागली. दिल्लीच्याच द्वारका भागात सोसायट्या नुकत्या वसत होत्या, घरोघरी नव्या गाड्या येत होत्या, तेव्हा हिने बाल्कनीत भरतकामाचं मशीन आणून बसवलं. पानिपतहून टर्किश टॉवेल नि बाथरोब यायचे आणि हॉटेलांची नावं लेवून विमानतळाजवळच्या त्या हॉटेलांकडे रवाना व्हायचे. खडखडाटाची तक्रार घेऊन सोसायटीचे सेक्रेटरी आले, तर म्हणाली, "भाईसाहब, आपका जनरेटर कौन-सा भजन गाता है?" बिचारे चहा पिऊन परत गेले. एका हॉटेलवाल्याला रोबवर तळहाताएवढा सोनेरी मुकुट हवा होता. "माणूस अंघोळ करून निघालाय, राज्याभिषेकाला नाही," असं आधी मला मराठीत सांगून तिने त्याला तेच हिंदीत ऐकवलं. ऑर्डर हातची गेली. आत्या दिवसभर खुशीत होती.

माझं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी माझं नाव बदलून मृणाल ठेवायचं ठरवलं. त्यांच्याकडे प्रत्येक सुनेचं बदलत. मला शुभदाच राहायचं होतं, पण बोलायचं धाडस होईना. बाबा म्हणाले, "जाऊ दे गं, नावच तर आहे." रुखवतात आत्या बाथरोब देणार होती, त्यावर नवं नाव घाला, असा सासूबाईंचा निरोप तिला गेला. लग्नाच्या दिवशी रुखवताच्या टेबलावर पांढराशुभ्र रोब आणि त्यावर लाल दोऱ्यात ठसठशीत 'शुभदा'!

"चूक झालीय तुमची, उसवून टाका," सासूबाई म्हणाल्या.

"चूक नाही, विहीणबाई. आणि टर्किशवरचं उसवता येत नाही. दोऱ्याबरोबर कापडाची लव उपटून येते, टक्कल पडतं. नव्या सुनेच्या रोबला टक्कल चालेल?"

सगळ्यांत आधी सासरे हसले, मग सगळा हॉल. बाबा लाजेने लाल झाले. मला मात्र तिथल्या तिथे आत्याचे पाय धरावेसे वाटले. संध्याकाळी ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहायची वेळ आली, तेव्हा नवऱ्याने आईकडे न बघता 'शुभदा' लिहिलं.

पुढे बाबा गेले. त्यानंतर मी द्वारकेला गेले, तर आत्या मशीनपुढेच बसलेली.

"शकू म्हणणारा गेला गं," ती म्हणाली. तिच्या लग्नात तिचंही नाव बदललं होतं, तिला न विचारता. माहेरच्या नावाने हाक मारणारे एकटे बाबाच उरले होते. "तू हाक मार ना एकदा."

सख्ख्या आत्याला नावाने हाक मारायची कशी? माझी जीभ रेटेना. शेवटी मन घट्ट करून म्हणाले, "शकू!"

आत्याने मशीन थांबवलं आणि अंगणात खेळणाऱ्या पोरीसारखी लांबलचक ओ दिली.