खांद्याचे डॉक्टर

सर कुठल्याच पेशंटला "बरं वाटतंय का?" असं विचारायचे नाहीत. बाई समोरच्या स्टुलावर टेकली की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "आज वेणी कुणी घातली?" पुरुष असला तर, "सदरा घालताना आधी कुठला हात घातला?" मी नवी निवासी डॉक्टर म्हणून हाडांच्या विभागात रुजू झाले तेव्हा मला वाटलं, साहेबांना गप्पांची हौस दिसतेय. पुढे एकदा त्यांनीच सांगितलं, "आपल्या सोलापूरचा माणूस डॉक्टरला तोंडावर नाही म्हणत नाही. दुखत असलं तरी 'बरं हाय की' म्हणतो. त्याला वाटतं, एवढा शिकलेला माणूस, त्याला कशाला वाईट वाटू द्यायचं. म्हणून त्याला विचारायचंच नाही, त्याच्या हाताला विचारायचं."

सरांचं नाव दारावरच्या पाटीवर होतं तेवढंच. शहराच्या पूर्व भागातल्या बिड्या वळणाऱ्या बायका त्यांना 'खांद्याचे डॉक्टर' म्हणायच्या आणि आम्ही शिकाऊ मंडळीही पाठीमागे तेच म्हणायचो. मांडीवर पानं-तंबाखूचं सूप घेऊन, मान खाली घालून दिवसभर बिड्या वळायच्या म्हणजे मान आणि खांदा आखडणारच. सोमवारी आमच्या कॉलेजच्या रुग्णालयात या बायकांची रांग जिन्यापर्यंत जायची, ती सरांच्या सुईसाठी. बधिर करणारं एक औषध आणि सोबत दुसरं एक, असं मिश्रण सर खांद्याच्या नेमक्या दुखऱ्या जागी टोचायचे. ही त्यांची स्वतःची पद्धत होती. जिल्ह्यातल्या कितीतरी डॉक्टरांनी ती त्यांच्या हाताखाली शिकून आपापल्या गावी नेली होती.

सर अक्कलकोटकडचे. घरी कन्नड, दवाखान्यात मराठी आणि बिडीवाल्या बायकांशी मोडकंतोडकं तेलुगू. ते ऐकून रांगेत खसखस पिकायची आणि त्यामुळे सर मुद्दाम आणखी चुकीचं बोलायचे, असा मला दाट संशय आहे. आमच्यापैकी कुणी घाईने सुई पुढे केली की मागून आवाज यायचा, "निधान, निधान." म्हणजे कन्नडमध्ये हळू, दमानं. आधी बाईच्या खांद्यावर हात ठेवायचा, पाणी किती दिवसांनी आलं, धाकटी परीक्षेत पास झाली का, असं काहीबाही विचारायचं. ती बोलण्यात रमली की मग टोचायचं. थोड्या वेळाने बाई हात सरळ वर करायची आणि सरांचा चेहरा असा फुलायचा की सुई तिला दिली की यांना, असं वाटावं.

माझी जीभ तेव्हाही ताब्यात नव्हती. थीसिसचा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा भर विभागात मी विचारलं, "सर, आपलं हे इंजेक्शन खरंच लागू पडतं का, हे कुणी तपासलंय?" माझ्या शेजारच्या मुलाने डोळेच मिटून घेतले.

"हात वर जातो की लगेच," सर म्हणाले.

"तो बधिर केल्यामुळेही जात असेल, सर. महिन्याने जातो का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, झाली आपली परत घरी, अकलूजला पाठवणी. पण ते म्हणाले, "माहीत नाही. तू तपास."

तपासायचं म्हणजे काय, हेही त्यांनीच शिकवलं. काही बायकांना सरांचं मिश्रण, काहींना नुसतं मिठाचं निर्जंतुक पाणी आणि सगळ्यांना तोच व्यायाम. कुणाला काय मिळालं हे बाईला ठाऊक नाही, टोचणाऱ्याला नाही आणि नंतर खांदा तपासणाऱ्या मलाही नाही. हे सगळं प्रत्येकीला तिच्या भाषेत समजावून सांगायचं. ती नको म्हणाली तर तिचे उपचार नेहमीसारखे चालू. कॉलेजच्या एथिक्स कमिटीने मान्यता दिली, पण कमिटीने न घातलेली एक अट सरांनी स्वतःवर घालून घेतली. "सोमवारी त्या खोलीत मी नसणार. मी असलो की त्या माझ्या तोंडाकडे बघून हात वर करतील."

माणसांत रमणारा हा माणूस, दर सोमवारी कँटीनजवळच्या कट्ट्यावर एकटा जाऊन बसायचा. बायका मला विचारायच्या, "डाक्टर रुसले काय आमच्यावर?" मी येता-जाता बघायचे, तर पेपर उघडलेला आणि नजर आमच्या खिडकीकडे. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा. मिश्रण तर त्यांचंच होतं. गप्प बसून टोचत राहिले असते, तर कुणी विचारणार होतं का?

निकाल आला. महिन्याने पाहिलं तर दोन्ही गटांत फरक नव्हता. मिठाच्या पाण्याने जेवढं बरं वाटलं तेवढंच सरांच्या औषधाने, आणि तेही दोन्हीकडे हळूहळू. मी कागद सरांपुढे ठेवले. त्यांनी ते सावकाश वाचले, मग चष्मा काढून पुसत बसले. मला राहवेना. मी म्हटलं, "सर, म्हणजे इतकी वर्षं त्यांना तुमच्या बोलण्यानं, तुमच्या हातानं बरं वाटत होतं. हे केवढं मोठं आहे!"

त्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "माझ्या बोलण्यानं बरं वाटतं म्हणून त्यांच्या खांद्यात सुई खुपसायची? मग नुसतं बोल की! सुई कशाला?"

पुढच्या सोमवारी सर खोलीत परतले आणि सुई बंद झाली. हे प्रत्येकीला ते स्वतः सांगत होते, दुसऱ्या कुणाला सांगू देत नव्हते. नरसम्मा नावाची म्हातारी ही त्यांची सगळ्यांत जुनी पेशंट. ती नेहमीसारखी पदर सारून खांदा पुढे करून बसली.

"नरसम्मा, ती सुई आता नाही," सर म्हणाले. "आम्ही तपासून बघितलं. तिनं गुण येत नाही. माझं चुकलं."

नरसम्माने पदर ओढून खांदा झाकला. "मला ठावं होतं की," ती म्हणाली. "तेवढ्यापुरतं हात वर जायचा. रातीला पुन्ना तसंच दुखायचं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? मी दर वेळी विचारायचो, वेणी कुणी घातली. तुम्ही म्हणायचा, मीच घातली."

"सून घालती वेनी. तुमी लई मायेनं टोचायचा, साहेब. तोंडावर कसं सांगू?"

"मग येत कशाला होता?"

"सुई टोचली म्हनलं की सून दोन दिस सुपाला हात लावू देत न्हवती. तेवढाच आराम की."

मला फसकन हसू आलं. सर हसले नाहीत. त्यांनी तिचा खांदा नीट तपासला, व्यायाम दाखवला आणि केसपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, 'दोन दिवस काम करू नये.' हे सुनेला वाचून दाखवा, म्हणाले.

सोमवारची रांग हळूहळू ओसरली. सुई नाही म्हटल्यावर बऱ्याच बायका पदरचे पैसे घालून बाहेरच्या दवाखान्यांत तीच सुई घेऊ लागल्या. सरांनी जिल्ह्यातल्या डॉक्टरांच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, "मीच तुम्हाला हे शिकवलं, आता मीच सांगतो, देऊ नका." माना डोलल्या, चहा झाला आणि पुष्कळजण घरी जाऊन टोचत राहिले.

सर निवृत्त झाले. मी अकलूजला दवाखाना थाटला. माझ्याकडेही पेशंट ती सुई मागतात आणि मी देत नाही म्हणून समोरच्या दवाखान्यात जातात. अशा वेळी सरांना फोन करायची सवय होती. यंदा उन्हाळ्यात सर गेले.

शोकसभेला मी सोलापूरला गेले. सरांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे काकू म्हणतो, पुढच्या रांगेत बसल्या होत्या. एकामागून एक डॉक्टर उठत होते आणि प्रत्येकजण त्या इंजेक्शनचे गोडवे गात होता. सरांच्या सुईने किती बायकांचे हात वाचले, किती संसार सावरले. माझा तिळपापड होत होता. गेलेल्या माणसाविषयी शोकसभेत गोड बोलायचं असतं, हे मलाही कळतं. पण ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस आयुष्यात सगळ्यांत जास्त झिजला, तीच हे लोक पुसून टाकत होते. मी माइकपाशी गेले. "ते इंजेक्शन लागू पडत नव्हतं," मी म्हटलं. "हे सरांनीच शोधलं आणि सरांनीच सांगितलं. मला त्यांच्याबद्दल एवढंच सांगायचंय." आणखीही सांगायचं होतं, पण रडू फुटलं.

सभा संपल्यावर दाराशी एका डॉक्टरांनी मला गाठलं. चिंचोळी एमआयडीसीजवळ त्यांचा दवाखाना आहे, तेही सरांचेच विद्यार्थी. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मी अजून देतो ते. बंद केलं तर पेशंटना काय सांगू? इतकी वर्षं टोचलं ते कशासाठी?"

"सरांनी सांगितलं तेच सांगा. माझं चुकलं म्हणा."

त्यांनी मान हलवली. "सरांची गोष्ट वेगळी हो. मोठा माणूस. त्यांना सोपं होतं."

"सोपं?" काकू आमच्या मागेच उभ्या होत्या. "सुई बंद केली त्या सोमवारी घरी आले ते पायातले बूटही न काढता बाहेरच्या खुर्चीत बसून राहिले. जेवायला उठले नाहीत. 'किती जणींना मी उगाच टोचलं,' एवढंच म्हणत होते. मंगळवारी मी म्हटलं, आज रजा घ्या, घरी बसा. तर म्हणाले, काल न आलेल्या बायका राहिल्यात. आणि रिक्षा करून त्यांच्या वस्तीत गेले, घरोघर सांगायला."