वस्तादांनी मोडलेली कुस्ती

मोहियोद्दीन वस्ताद पहाटे तालमीत आम्हाला पिंजायचे आणि दिवसभर दुकानात कापूस. आमच्या मिरजगावच्या तालमीची त्यांना एकच ऐट होती: जोड ठरली की आपला गडी आखाड्यात उतरणारच, ताप असो की आभाळ कोसळो.

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात तालमीत नायटा शिरला. कुणाच्या मानेवर, कुणाच्या मांडीवर बांगडीएवढा लाल चट्टा, आणि खाज तर विचारू नका. औषध ठरलेलं होतं, कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती. ताक, हळद, लिंबू घालून मळलेली ती माती सगळ्या रोगांवर दवा, असं वस्तादच सांगायचे. आम्ही चोळत गेलो, नायटा वाढत गेला.

शेवटी वस्ताद दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, हा अंगाला अंग लागून पसरतो, कापडातूनही जातो. मलम लावा आणि कुस्त्या बंद ठेवा. वस्तादांना पटेना. त्यांनी आम्हाला लंगोटावर उभं केलं, रोज जो ज्याच्याशी खेळायचा त्याच्या शेजारी. एकाला नायटा, तर त्याच्या जोडीदारालाही होताच.

"आपल्याच हातानं वाढवला की रं," वस्ताद म्हणाले आणि हौद्याच्या काठावर बसले.

नेमकी जत्रा तोंडावर आली होती. शेवटची कुस्ती माझी, बेलापूरच्या रंगनाथशी. वर्षभर मी त्याच कुस्तीसाठी घाम गाळला होता. पण चट्टा माझ्याही मानेवर होता. मान झाकून खेळतो म्हटलं, तर वस्तादांनी डोळे वटारले.

जत्रेत हलगी कडाडली. वस्ताद मला आखाड्यात घेऊन गेले आणि माझा सदरा बाजूला सारून मान सगळ्यांना दाखवली.

"गोरक्षला नायटा हाय. आमी हारलो म्हना. पन माझ्या तालमीचा रोग दुसऱ्याच्या तालमीत जानार न्हाई."

"भ्यालं रं, भ्यालं!" लोक ओरडले, शिट्ट्या झाल्या. मला लाज आणि राग दोन्ही आवरेना.

तेवढ्यात रंगनाथचे वस्ताद पुंजाराम उठून आले.

"माझी पोरं वाचवली तुमी," म्हणत त्यांनी डोक्याचा फेटा उतरवला आणि आमच्या वस्तादांच्या डोक्यावर ठेवायला हात उचलले. भर आखाड्यात एवढा मान! पण आमचे वस्ताद झटकन मागं सरले.

"लांबूनच, वस्ताद! कापडातनं बी जातो म्हनत्यात." त्यांनी बाही वर केली. दंडावर चट्टा होता. "मला बी हाय."

पुंजाराम फेटा हातात धरूनच हसत सुटले. मघाशी शिट्ट्या मारणारे टाळ्या वाजवू लागले, आणि माझी खाली गेलेली मान चट्ट्यासकट वर झाली.