वरचा सा

लग्नाआधी आई एका गायनमंडळात कोरसमध्ये गात असे. त्या मंडळाच्या भावगीतांची एक तबकडी निघाली होती. तिच्यातल्या एका गाण्यात मुख्य गायिका मध्येच थांबते आणि मागून एकटी आई वरच्या सा वर जाऊन तो लांबवर धरून ठेवते. वेष्टणावर आईचं नाव नव्हतं, पण तेवढा एक सूर आपला आहे हे तिला पुरत असे. घरातली तबकडी नात्यातल्या कुणीतरी ऐकायला नेली, ती परत आलीच नाही.

वडील गेल्यापासून बोळिंजच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. मी दिवसभर नोकरीवर. जुन्या तबकड्या नव्याने निघू लागल्या आणि त्यांत आईची ती तबकडीही निघाल्याचं मला कळलं. मी प्लेअर आणला, तबकडी मागवली. ती आली त्या दिवशी आईने इस्त्रीची साडी नेसली. मी हसले, तर म्हणाली, "अगं, किती वर्षांनी भेटणार आहे."

सुई ठेवली तशी चरचर सुरू झाली. कोरी तबकडी, तिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. मऊ फडक्याने पुसून पाहिली, पण चरचर तशीच. आई म्हणाली, "असू दे, पुढे जाऊ दे." मग तिची जागा आली. सा लागला आणि हलायला लागला. जरा वर, जरा खाली, पुन्हा वर.

"बंद कर," आई म्हणाली.

मी सुई उचलली.

"मी हललेय गं. सगळ्यांदेखत हललेय आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

"आई, तू नाही, तबकडी हलतेय. तिचं भोक मधोमध पडलेलं नाही. हे बघ, सुईचा दांडा कसा आत-बाहेर होतोय."

तिने वाकून पाहिलं. "मग मुख्य गाणाऱ्या बाईंचा आवाज का नाही हलत?"

"हलतो. पण त्या शब्द गातात, हरकती घेतात, त्यात कळत नाही. इतका लांब सूर तूच धरलायस."

तिने मान हलवली. डॉक्टरांनी धीर दिल्यावर पेशंट हलवतो तशी.

विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, नव्या रेकॉर्डला थोडी खरखर असतेच. चार दिवस वाजवा, बसेल." बरीच हुज्जत घातल्यावर त्याने ती परत नेली आणि दुसरी पाठवली. ही आधी एकटीने ऐकायची असं मी ठरवलं होतं, पण आवाज ऐकून आई हात पुसत बाहेर आली. या तबकडीत चरचर कमी होती, पण नेमकं आईच्या सुरावर प्रत्येक फेऱ्याला टक् टक् होत होतं. आणि सूर तसाच हलत होता.

"दोन तबकड्या आणि दोन्हींत मीच हलतेय," आई म्हणाली.

"एकाच साच्यातून निघाल्यात त्या."

"साच्याला कशाला नावं ठेवायची?"

पुढे तिने तो विषय काढला नाही. पण भाजी निवडताना गुणगुणायची, ते थांबलं. भुईगावात तिची एक मैत्रीण होती, चर्चच्या क्वायरमध्ये गाऊन म्हातारी झालेली. दर आठवड्याला आई तिच्याकडे जायची आणि दोघी तिच्या वाडीत बसून गायच्या. एकदा त्या मावशींचा मला फोन आला. "आई येते, बसते, पण गात नाय. घसा बसला सांगते. काय झालं गं तिला?" मी सगळं सांगितलं. त्यांनीही तिला समजावून पाहिलं, उपयोग झाला नाही.

दिवाळीनंतर आई झोपेतच गेली. आजारी अशी नव्हतीच ती.

पुष्कळ दिवसांनी मी तबकडी बाहेर काढली. भोक जरा मोठं केलं तर तबकडी सरकवून मधोमध बसवता येते, असं मध्यंतरी कुठेतरी वाचलं होतं. गोल कानशीने हळूहळू भोक घासलं. तबकडी केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत राहिले. शेवटी सुईचा दांडा स्थिर झाला. टक् टक् गेली नाही. पण तिच्यामागे आईचा सा सरळ उभा होता.

पुढच्या रविवारी प्लेअर घेऊन भुईगावला गेले. मावशींनी डोळे मिटून ऐकलं.

"सरळ हाय," त्या म्हणाल्या. "हे तिला ऐकवायला पायजे होतं." मग क्रूसाची खूण केली आणि म्हणाल्या, "परत लाव."

परत लावली. या वेळी त्यांनी आईबरोबर गायला तोंड उघडलं. त्यांचा आवाज वरपर्यंत पोचला नाही, मध्येच अडला. त्या थांबल्या. तबकडीवर आई तो सूर धरून होती.