हिअर म्हणजे कुठे, बाय?

“हिअर म्हणजे कुठे, बाय?”

हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता कुणी नकाशावर बोट ठेवून ‘इथे’ म्हणालं, तरी मी दचकते.

विचारणारे गृहस्थ आमच्या आखातातल्या, सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसात तक्रारींच्या फोनवर बसत. मूळचे वसईचे, साठीला टेकलेले, अर्ध्या बाह्यांच्या शर्टाला रोज कडक इस्त्री. दृष्टी कमी होत होत चार वर्षांपूर्वी पूर्ण गेलेली. “डोळे माझ्याआधी रिटायर झाले,” ते सांगत, “आणि ग्रॅच्युइटीसुद्धा मागितली नाही.” मी सेहेचाळीस वर्षांची, तरी सगळ्यांसारखी मीही त्यांना अंकलच म्हणे.

माझं काम अ‍ॅडमिनचं. त्यातलं लाडकं काम म्हणजे स्टाफ बसची यादी. कोण अल बर्शाच्या बसने जाणार, कोण अल कुसैसच्या, हे मी पट्टीने रेघा मारलेल्या कागदावर लिही आणि रोज दुपारी त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकी. पाच मिनिटांत अंकलचा फोन येई.

“माझं नाव आहे ना?”

“आहे, अंकल. यादीत आहे.”

फोन ठेवला की मी शेजारणीला म्हणे, “बघ, यांचा माझ्या यादीवर भरवसाच नाही.”

तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला चार वर्षं लागली.

मग साहेबांनी बोलावलं. कागदी याद्या बंद, बसचं बुकिंग तीन महिन्यांत वेबपेजवर. “पेज तू शिकून केलंस तर वेब टीममध्ये येशील. नाही झालं तर...” पुढचं वाक्य त्यांनी ‘इन्शाल्ला’वर सोडून दिलं. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि माझी मुलगी बारावीत. मी वही घेऊन ऑनलाइन कोर्सला बसले. “मम्मा, रिलॅक्स. इट्स जस्ट एचटीएमएल,” मुलगी फोनमधून डोकं न काढता म्हणाली.

न दिसणाऱ्यालाही वापरता येतं का, हे अंकलनी तपासून पास केल्याशिवाय आमच्याकडे कुठलंही पेज सुरू होत नसे. ते लेखी रिपोर्ट देत नसत. कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर पेज मोठ्याने वाचू लागलं की शेजारी फोन ठेवून ते व्हॉइस नोट करत. जिथे अडकले तिथे “खलास!” म्हणून रेकॉर्डिंग बंद.

माझ्या पेजची पहिली नोट चाळीस सेकंदांची. मी पेज माझ्या वहीसारखं नेटकं केलं होतं: डावीकडे बसची नावं, उजवीकडे वेळा, शेवटी बटणं. कानावर आलं ते असं: अल बर्शा, अल कुसैस, शारजा, मग पाच, साडेपाच, सहा. “बाय, बसा सगळ्या पुढे गेल्या, वेळा मागून धावतायत.” त्यानंतर ते सॉफ्टवेअर यांत्रिक नाक वर करून म्हणालं, “क्लिक हिअर. क्लिक हिअर. क्लिक हिअर.”

“हिअर म्हणजे कुठे, बाय? खलास!”

मी अकरा चुकांची यादी केली, टिक करत सगळ्या दुरुस्त केल्या. दुसरी नोट एक मिनिट दहा सेकंद. ‘लाल चौकोन भरलेच पाहिजेत,’ असं मी लिहिलं होतं. “लाल ऐकू कसा येतो गं? घंटी वाजते?” तिसऱ्या नोटीत मी हौसेने टाकलेला बसचा फोटो ‘आयएमजी फोर फोर सेव्हन वन’ असा वाचला गेला. “हा कोण, नवीन ड्रायव्हर?” दोन मिनिटं पाच सेकंद. मी वहीत आकडे मांडले. नोट लांबतेय म्हणजे माणूस पुढे पोचतोय, म्हणजे प्रगती.

एक दिवस ते स्वतःच माझ्या टेबलाशी आले, चाचपून माझा माऊस उचलला आणि आपल्या डब्याच्या पिशवीत टाकला.

“आता जा पुढे. नुसती टॅबची की.”

मी माझ्याच पेजवर हरवले. चिडून म्हणाले, “अंकल, इतकी वर्षं माझी यादी चालली, कुणाची तक्रार नव्हती.”

“तो फोटो होता ना, बाय. माझा फोन तो वाचायचा, ‘इमेज’. रोज दुपारी. इमेज.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“रोज फोन करून विचारत होतो की.” ते हसले. “पण तुझी यादी कधी चुकली नाही, हे खरं.”

त्या दिवशी वहीत मी एकही टिक केली नाही.

पेज पुसून पहिल्यापासून लिहिलं. एका बसला एक मथळा, त्याखाली तिची वेळ, त्याखाली तिचंच बटण: ‘अल कुसैस, साडेपाच, सीट बुक करा’. शेवटी एक प्रश्न वाढवला, कामाच्या पुढच्या दिवशीही हीच सीट हवी का, यस की नो. म्हणजे त्यांना रोज नव्याने धडपडायला नको.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी नोट आली. अठरा सेकंद.

पहिलीपेक्षाही कमी! मी ती उघडलीच नाही. वही उघडली आणि यादी सुरू केली: मुलीची शाळा, फ्लॅटचा करार, व्हिसा, सामान. सातव्या कलमावर शेजारणीने माझ्या हातातून फोन घेतला आणि प्ले दाबलं.

टक, टक, टक. “अल कुसैस. साडेपाच. सीट कन्फर्म्ड.” मग अंकल: “झालं, बाय. चांगलं पेज माणसाचा वेळ खात नाही. आणि ती वही मीट आता.”

मी वही काढणार हे त्यांना आधीच कसं कळलं, कोण जाणे.

त्या दिवसापासून दुपारचा फोन बंद झाला. रोज त्यांची सीट आपोआप बुक होई. मला खरं तर करमेना.

तीन महिन्यांनी, एका शुक्रवारी, ते निवृत्त झाले. केक कापला, साहेब बोलले. मी निरोपाची चार वाक्यं लिहून आणली होती. दुसऱ्यालाच त्यांनी हात वर केला, “यल्ला, यल्ला, चला आता, बस जाईल माझी.”

बस गेल्यावर सवयीने मी पेजवरची यादी उघडली. पहिलंच नाव त्यांचं. अल कुसैस, साडेपाच, सीट कन्फर्म्ड. आणि पुढे, मी त्यांच्यासाठीच वाढवलेल्या ‘पुढच्या दिवशीही?’ या रकान्यात, पहिल्यांदाच: ‘नो’.