भिंतीला लावलेलं सिमेंट

गवंडी तुळईखाली स्टुलावर चढला, तेव्हा मी बायकोला दुसऱ्यांदा म्हणालो, "तू बाहेर जा." ती हलली नाही. तुळईला टेकू लावलेले होते, पण त्या दिवशी माझा कशावरच भरवसा नव्हता.

हे घर तिनं निवडलेलं. मी वॉटफर्डच्या हॉस्पिटलमधून डॉक्टर म्हणून रिटायर झालो आणि वेल्सच्या डोंगरउतारावरचं हे दगडी शेतघर पाहून ती हट्टालाच पेटली. लांबलचक घर, उताराला धरून बांधलेलं. वरच्या अंगाला माणसं, खालच्या अंगाला गुरं, मध्ये आरपार बोळ आणि सगळ्यांवर स्लेटच्या दगडी पाट्यांचं एकच छप्पर. गोठा खाली, म्हणजे घाण आपसूक उताराला लागते. समोर धान्याचं कोठार, त्याच्या भिंतीत वारा खेळायला उभ्या फटी. बांधणाऱ्यांनी उगाच काहीच केलेलं नव्हतं, हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त ओल दिसायची.

पहिल्याच ऑक्टोबरात फायरप्लेसची जाडजूड भिंत पाझरायला लागली. बायको लेकीच्या बाळंतपणासाठी पिनरला गेलेली. दिवाळीआधी घराची डागडुजी झालीच पाहिजे, हे आमच्या अंगात मुरलेलं. आणि ओल म्हटली की सिमेंटचा गिलावा, याबद्दल लहानपणी गावाकडे आमच्या आळीत कधी कुणाचं दुमत नव्हतं. वॉटफर्डहून ओळखीचा माणूस बोलावला. चार दिवसांत त्यानं जुना चुना खरवडून आतून-बाहेरून सिमेंट थापलं.

शेजारच्या शेतावरची म्हातारी फाटकाशी येऊन उभी राहिली. "चुन्याच्या भिंतीला सिमेंट नको," ती म्हणाली. "पाणी आत कोंडतं आणि लाकूड खातं." जन्मभर लोकांना सल्ले देत आलेला मी, मला ते झोंबलं. "थँक यू, वी आर फाइन," म्हणून मी पाठ फिरवली.

बायको आली तेव्हा भिंत पांढरीशुभ्र, गुळगुळीत. कोनाड्यात दोन पणत्या लावून मी छाती फुगवून उभा. तिनं भिंतीवरून हात फिरवला. "छान झालंय हो," म्हणाली.

तीन वर्षांनी, हिवाळ्याच्या तोंडावर, वरच्या बेडरूममध्ये पलंगाचा एक पाय खाली जायला लागला. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, पिनरमध्ये आमच्या जवळच फ्लॅट बघितलाय. तुळई गेली असेल तर प्लीज, नो आर्ग्युमेंट, तुम्ही दोघं इकडे शिफ्ट व्हा." बायकोनं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवून खिडकीतून डोंगराकडे बघत राहिली.

आता गवंड्यानं भिंतीत शिरणाऱ्या तुळईच्या टोकाला दाभणासारखं हत्यार लावलं आणि दाबलं. मुठीपर्यंत आत गेलं. आवाजसुद्धा झाला नाही. वीतभर अलीकडे पुन्हा दाबलं. पुन्हा मुठीपर्यंत.

"वरचा मजला उतरवावा लागेल," तो म्हणाला. "या हिवाळ्यात इथे राहता येणार नाही. हा गिलावा कुणी केला?"

बायको वळली, बोळातून खाली गोठ्यात गेली. मीही मागोमाग गेलो. तिथे वॉटफर्डचे न उघडलेले खोके रचलेले होते. गोठाच तो, म्हणून तिथल्या भिंतींना मी सिमेंट लावून घेतलं नव्हतं. तिनं तळवा भिंतीवर ठेवला. मीही ठेवला. चुन्याची भुकटी हाताला आली. भिंत मात्र कोरडी ठणठणीत होती.

गवंडी मागून आला, वाकून बघितलं. "ही भिंत तुम्हा दोघांपेक्षा जास्त टिकेल."

"मग इथे पलंग मावेल," बायको म्हणाली. "लेकीला मी सांगते फोन करून, आम्ही इथेच राहतोय."

मला राहवलं नाही. गवंडी वर गेल्यावर मी म्हणालो, "त्या म्हातारीनं मला आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तीन वर्षं तुझ्यापासून लपवलं."

ती हातावरची भुकटी झटकत होती.

"मला माहितेय. मी आले त्याच आठवड्यात तिनं मलाही सांगितलं. आत्ताच सिमेंट काढून टाका म्हणाली, म्हणजे काही बिघडणार नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, पणत्या लावून उभे होतात तुम्ही. किती खुशीत होतात."

मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. तीन वर्षं रोज सकाळी त्याच भिंतीशेजारी बसून आम्ही दोघं चहा प्यायलो होतो.