सुवार्ताचं पाचारण आणि आमची गॅलरी

दाराला दार लागून असलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. तांदूळ निवडताना थोडं कानावर पडतं, जिन्यात थोडं कळतं, दोरीवरचे कपडे काढताना उरलेलं दिसतं. मी मुद्दाम ऐकत नाही. पण डोळ्यांना पापण्या आहेत तशी कानांना काही सोय नाही, त्याला मी काय करणार? शेजारच्या साळवे मायलेकींचे किस्से तर माझ्याकडे इतके साठलेत, की एक सांगायला घेतला की दुसरा मध्येच डोकं वर काढतो.

आम्ही गिरगावात, खोताच्या वाडीच्या मागच्या अंगाला राहतो. साळवे मूळचे नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. घरात दोघीच. सगुणाबाई शहात्तर वर्षांच्या, त्यांना मी मावशी म्हणते, त्या मला परबीण. त्यांची मुलगी सुवार्ता चव्वेचाळीसची. लग्न केलं नाही. परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. तिची खिडकी आणि माझी खिडकी काटकोनात, त्यामुळे तिच्या चहाला उकळी आली की मला इकडे कळतं.

*

सुवार्ता रोज सकाळी सहाला पवित्र शास्त्र मोठ्याने वाचते. त्या वेळी गॅलरीच्या लाकडी कठड्यावर उजेड नुकता येऊन बसलेला असतो. खाली एखादा झाडू फिरत असतो, आणि त्यातून तिचा आवाज येतो, संथ, जरा घोगरा. मी लसूण सोलत बसते. लसूण हवी असो नसो, सोलते.

एकदा गोष्ट चालली होती घर सोडून गेलेल्या मुलाची. सगळं उधळून, उपाशी होऊन तो परत निघाला. अजून लांब आहे, आणि बापाला तो दिसला. नेमकं तिथे सुवार्ताने पुस्तक मिटलं, कारण तिची ड्यूटी आठची.

माझा अख्खा दिवस गेला त्या रस्त्यावर. डाळ करपली. संध्याकाळी तिला जिन्यातच गाठलं.

"पोचला का गं तो?"

"पोचला, वहिनी."

"आणि बाप?"

"बाप धावत गेला ना समोर."

"म्हातारा माणूस, धावला?"

"धावला."

घरी येऊन मी ह्यांना सगळी गोष्ट सांगितली. ह्यांनी पेपरातून डोकं न काढता विचार केला आणि म्हणाले, "गुडघे बरे असतले त्याचे."

*

मग तिला चर्चमध्ये शास्त्रवाचनाची पाळी आली. पहिल्यांदाच. मला म्हणाली, "वहिनी, या ना, ओळखीचा चेहरा समोर असला की बरं वाटतं." मी काठापदराची नेसून भायखळ्याला गेले.

सुवार्ता पुढे गेली. चष्मा लावला, माइक खाली घेतला, समोर बघितलं. एवढी माणसं बघून तिचं तोंडच सुकलं. आम्ही सगळे वाट बघतोय. आणि माइकमधून स्पष्ट आवाज आला:

"श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका."

वीस वर्षं रोज तेच म्हणायची सवय, दुसरं काय. पण काय सांगू, सगळ्या चर्चने श्वास रोखून धरला. मीसुद्धा. कुणी खोकलं नाही, कुणाची पिशवी वाजली नाही. फक्त वर पंखा फिरत होता आणि रंगीत काचेतला निळा उजेड पुढच्या बाकावर पडला होता. असं वाटलं की आपण सगळे पाण्याखाली बसलोय आणि कुणाला वर यायची घाई नाही.

तिच्या लक्षात आलं. हळूच म्हणाली, "सोडा."

सगळ्यांनी एकदम सोडला. मग तिने वाचलं, आणि इतकं सुंदर वाचलं की बस.

बाहेर पडताना त्यांचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, दारात हात मिळवत उभे होते. मला म्हणाले, "मी किती वर्षं ह्यांना शांत बसवायला बघतोय. मला हे सुचलं नाही."

*

त्याच वर्षी कळलं, की सुवार्ताला नोकरी सोडून सेवेत जायचंय. म्हणजे आधी तीन वर्षं सेमिनरी, धर्मशिक्षणाचं कॉलेज, बाहेरगावी, आणि मग पाळक. त्यांच्यात ह्याला पाचारण म्हणतात, देवाने बोलावणं. मी सरळ विचारलं, "आवाज आला का गं?"

"आवाज कसला, वहिनी."

चादरी घड्या करत होतो आम्ही, एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. ती म्हणाली, एक म्हातारी आली होती लालबागची. छातीचा एक्स-रे झाला, पण टेबलावरून उठेना. म्हणाली, "बाय, तू सगळ्यांच्या आत बघतंस. माझ्या आत काय आसा, सांग."

सुवार्ता म्हणाली, रिपोर्ट डॉक्टर सांगतील, आजी.

"तो हाडांचा सांगतलो."

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"तिच्या शेजारी बसले. पाच मिनिटं असेल. बाहेर लाइनीतली माणसं दार वाजवत होती. ती तिच्या गेलेल्या मुलीबद्दल बोलली आणि मी ऐकलं. मग ती उठली, पदर नीट केला आणि गेली. आणि मला वाटलं, वहिनी, माझं खरं काम आत्ता झालं. एक्स-रे नाही, हे."

चादरीचं टोक माझ्या हातून सुटलं ते सुटलंच. ती म्हणाली, "वहिनी, धरा."

*

पण मावशी नाही म्हणाल्या. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. "मी हो म्हणणार नाही," एवढंच म्हणाल्या आणि तो विषय पुन्हा घरात निघू दिला नाही. आणि त्यांच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, रीत अशी, की माणूस पाठवण्याआधी पंच घरी येतात, घरच्यांना विचारतात. घरच्यांची हरकत असली तर शिफारसपत्र देत नाहीत. पत्र नाही तर सेमिनरी नाही. मे महिन्यात पंच येणार होते.

एप्रिलमध्ये सुवार्ताला सरावाचं प्रवचन करायचं होतं. आमच्या गॅलरीतच केलं. श्रोते म्हणजे मी, हे, आणि आपल्या खुर्चीत पाठ फिरवून बसलेल्या मावशी. गोष्ट कोळ्यांची. त्यांना बोलावणं येतं, आणि ते जाळी तिथेच सोडून तसेच येशूच्या मागे चालू लागतात, बापाला होडीत सोडून. सुवार्ताने तीन मुद्दे काढले होते. छान बोलली.

मी मालवणची. मला राहवेना. "जाळी कुणी गोळा केली मग? आणि तो म्हातारा? त्याला कुणी काही विचारलं की नाही?"

सुवार्ताने कागद उलटा करून बघितला. तिथे काही नव्हतं.

मावशी मागे न वळताच बोलल्या. "माझा बाप गावोगाव येशूची सुवार्ता सांगत फिरायचा. लोक म्हणायचे, देवमाणूस. आम्ही चार भावंडं उंबऱ्यावर बसायचो, रस्त्याकडे बघत. आईला कुणी विचारलं नाही, आम्हाला तर नाहीच." जरा थांबून म्हणाल्या, "म्हातारा होडीत बसून राहिला असणार, परबीण. दुसरं काय करेल?"

आणि काठी टेकत आत गेल्या. हे म्हणाले, "चौथा मुद्दा होतो तो."

कुणी हसलं नाही. सुवार्ताने कागदाची घडी केली, परत उलगडली, परत घडी केली.

*

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण मी ठरवलं, अडचण म्हणजे मावशींची देखभाल, तेवढी सोडवली की झालं. कॅलेंडरचं जुनं पान घेतलं आणि मागे टाइमटेबल आखलं. सोमवारी मी, मंगळवारी खालच्या लॉर्नाआंटी, बुधवारी पुन्हा मी, गुरुवारी समोरची पेडणेकरीण, असं अख्खा आठवडा. सगळ्यांच्या सह्या घेतल्या. लॉर्नाआंटी सही करताना म्हणाल्या, "बाई पाळक? आमच्या कॅथलिकांत अजून फादरच चाललेत. घे, दोन दिवस लिही माझे."

पान मावशींच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं.

"गुरुवारी पेडणेकरीण नको. तिला चहा करता येत नाही."

मला वाटलं, जिंकले.

मग चष्मा काढून म्हणाल्या, "परबीण, मला कुणी सांभाळावं म्हणून मी अडले असं वाटलं तुला?"

मी पान परत घेतलं. माझ्याच घराच्या दारात उभी राहिले, आत जायचं विसरून.

*

पंच आले तो शनिवार. पाळकसाहेब आणि दोघे म्हातारे, इस्त्रीच्या शर्टातले. मी चहा करायच्या निमित्ताने तिथेच. सुवार्ता हॉस्पिटलातून धावत आली होती, केसांची क्लिप सुटलेली, बटा मानेवर. चारी बाजूंनी प्रश्न झाले. तिने सगळ्यांची उत्तरं दिली, आणि शेवटी स्वतःच आईकडे वळून म्हणाली, "आई, मी तुला सांगितलं होतं. विचारलं नव्हतं. आता विचारते. जाऊ?"

खिडकीतून दुपारचं ऊन आत आलं होतं, त्यात धुळीचे कण सावकाश फिरत होते, तिकडे मावशी बघत राहिल्या.

पाळकसाहेब खाकरले. "सगुणाबाई, तुमची हरकत असेल तर आम्ही..."

"आधी प्रार्थना करा," मावशी म्हणाल्या.

सुवार्ता आईच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली, आईकडे पाठ करून. तिघांनी वाकून तिच्या डोक्यावर हात धरले. सगळ्यांनी डोळे मिटले. पाळकसाहेब बोलू लागले, संथ, जवळजवळ गाण्यासारखं. मीही मिटले होते. पण माझं काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहेच. उघडले.

मावशींनी मांडीवर सुवार्ताचे केस घेतले होते. अर्धे पांढरे झालेले. बोटांनीच विंचरले, गुंता होता तिथे थांबल्या, तो सोडवला, तीन पेड काढले आणि वेणी घालायला लागल्या. शाळेत जाणाऱ्या पोरीची घालतात तशी, घट्ट. सुवार्ताचे डोळे मिटलेले होते आणि त्यातून पाणी वाहत होतं. मान मात्र तिने ताठ धरली होती, वेणी घालताना धरतात तशी.

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले. सगळ्यांनी डोळे उघडले.

मावशींच्या दातात रबर होतं. ते तसंच धरून म्हणाल्या, "थांबा. अजून अर्धी राहिलीय."

पाळकसाहेबांनी पंचांकडे बघितलं, पंचांनी पाळकसाहेबांकडे. मग तिघांचे हात पुन्हा सुवार्ताच्या डोक्यावर आले, आणि पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना पहिल्यापासून सुरू केली.